खाऱ्या बावीचं पाणी

माझी सासू धुराने मेली. दवाखान्याच्या कागदावर दमा असं लिहिलं होतं आणि नात्यातल्या बायका अजून म्हणतात, म्हातारीचं वय झालं होतं. वयबिय काही झालं नव्हतं. तिची थोरली बहीण ती गेल्यावरही कितीतरी वर्षं मासळीची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार हिंडत होती. सासू धुराने मेली, आणि बिनधुराचं जगण्याची जी सोय गावात होती ती तिने स्वतःच्या हाताने बाजूला सारली. ती गेली तेव्हा मला रडण्याआधी राग आला होता. तो अजून पुरता गेलेला नाही.

गाव तिला आय म्हणायचं, म्हणून मीही आयच म्हणत असे. माझं माहेर उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. मी मॅट्रिक झालेली, त्यामुळे सासरी आले तेव्हा बायका मला बघायला आल्या त्या शिकलेली सून भाकरी कशी थापते हे बघायला. शिरवण्याच्या अलीकडचं हे गाव, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी. नवरा रबाळ्याच्या कारखान्यात पाळीवर जायचा. सासरे आधीच वारले होते. घरात आम्ही तिघं, गोठ्यात दोन म्हशी आणि एक बैलजोडी. खाडीला मातीचा बांध घातलेला आणि बांधाच्या आत आमची शेतं. त्या जमिनीत खारं मुरलेलं असायचं, तरी आमचा तांबडा भात तिथे उभा राहायचा. माहेरीही तसाच भात, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. बाहेरच्यांना फार वाटायचं.

चुलीत जळायचं ते तिवर. खाडीच्या चिखलात, भरतीच्या पाण्यात पाय बुडवून उभं असलेलं झाड. ओहोटीला बायका कोयते घेऊन गुडघाभर चिखलात उतरायच्या, फांद्या तोडायच्या आणि अर्ध्याओल्या तशाच चुलीत घालायच्या. खाऱ्या लाकडाचा धूर घशाला चावतो. आमच्या घराला खिडकी म्हणावी असं एकच भोक होतं. मी सकाळी बालवाडीत शिकवायला जाई, म्हणून चूल आयकडे. मी घरी असले तरी चूल तिच्याकडेच. माझ्या भाकरीच्या कडा फाटतात, असं तिचं मत होतं आणि ते खरंही होतं. रात्रभर ती खोकायची. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने सरळ सांगितलं, "म्हातारीला जगवायची असेल तर धूर बंद करा." रॉकेल रेशनवर मिळेल तेवढंच, ते चहापुरतं. सिलिंडरसाठी नवऱ्याने नंबर लावला होता. तो यायला किती वर्षं लागतील ते देव जाणे आणि एजन्सीवाला जाणे.

ऐंशी साल उलटल्यावर गावात एक जीप आली. तिच्यातून एक साहेब उतरले, पोटाला वही धरलेले, सज्जन चेहऱ्याचे. गावासाठी गोबर गॅस बांधायचा होता. खर्च सरकारचा, मालकी ग्रामपंचायतीची, शेण गावाचं आणि गॅस गावाचा. टाकीतून निघणारी मळी पुन्हा शेताला. आम्ही ऐकून घेतलं, पण हसू दाबणं कठीण गेलं. कारण त्याच वर्षांत दुसरी जीप जमिनीच्या नोटिसा घेऊन येत होती. नवं शहर वसायचं होतं, त्यात आमची शेतं जायची होती. एका हाताने जमीन न्यायची आणि दुसऱ्या हाताने शेणावरची शेगडी द्यायची! सरकारचा डावा हात काय करतो ते उजव्याला ठाऊक नसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

देवळाच्या ओट्यावर बैठक बसली आणि लगेच भांडण पेटलं. गावाच्या टोकाला बौद्धांची काही घरं होती, मराठवाड्यातून डोंगरावरच्या दगडखाणीत कामाला आलेली. त्यांच्याकडे गुरं नव्हती. ज्यांचे गोठे भरलेले, त्यातला एकजण उठून म्हणाला, "शेन आमचं नि ज्योत फुकट्यांची? ह्यो कंचा न्याय?"

बायका मागे बसल्या होत्या. आय तिथूनच बोलली. "बांधाला खांड पडते तवा पानी कोनाच्या शेतान शिरायचं ते इचारून शिरतं काय रं? तवा घरटी मानूस जातो. ज्याला शेत नाय तोपन जातो. ही खानीवरची मानसा गेल्या पावसान चिखल वाहायला नव्हती आली? तवा तुमाला चाललं. आता त्यांचीच चूल येगली कशी?"

खांड म्हणजे भरतीच्या जोराने बांधाला पडलेलं भगदाड. ती वेळीच बुजवली नाही तर सगळ्या गावाचं वर्ष खाऱ्यात जातं, म्हणून खांड पडल्याची हाळी आली की घरटी एक माणूस हातात फावडं घेऊन धावायचा, ही आमच्याकडची जुनी गावकी. त्या गावकीचं नाव काढल्यावर कुणाला पुढे बोलता येईना. ठरलं ते असं, की ज्याच्याकडे जनावर त्याने शेणाची पाटी टाकीवर आणायची, ज्याच्याकडे नाही त्याने पाणी ओढायचं आणि शेणपाण्याचा काला ढवळायचा. गॅस मात्र सगळ्यांना सारखा.

विहिरीसारखी खोल टाकी बांधली आणि तिच्यावर लोखंडाचा घुमट उपडा घातला. आत गॅस साठला की घुमट वर उचलला जायचा, वापरला की खाली बसायचा. बायका येता-जाता घुमटाकडे बघून सांगायच्या, आज भात होईल का भात आणि कालवण दोन्ही. आज त्या जागेवर एका सोसायटीचं पार्किंग आहे.

आमच्या शेगडीवर पहिल्यांदा ज्योत आली तेव्हा आय तिच्यासमोर उकिडवी बसून राहिली. निळी ज्योत, आवाज नाही, काही नाही. तिने डोळे आधीच बारीक करून ठेवले होते, सवयीने. मग ते हळूहळू उघडले. "धूर कुटं गेला?" ती म्हणाली. मी म्हटलं, आय, ह्याला धूर नसतो. तिचा विश्वास बसला नाही. ती उठून बाहेर जाऊन छपराकडे बघून आली.

पहिल्या भाकरीला तिने नावं ठेवली. धुराचा वास नाही म्हणून तिला ती कच्ची लागत होती. पण थोड्याच दिवसांत तिची रात्र शांत जाऊ लागली. आधी मला त्या शांततेचीच भीती वाटायची. मी उठून तिच्या नाकापुढे हात धरून बघायची आणि एकदा तिने तो हात धरला. "मेली नाय अजून," ती म्हणाली. "झोप गो."

तिवराकडे कुणी फिरकेना. दोन पावसाळ्यांत खाडीकाठ दाट झाला. चिखलात निवट्यांची मासळी पुन्हा टणाटण उड्या मारू लागली, तिवराच्या मुळांत चिंबोऱ्या सापडू लागल्या आणि बगळे येऊन बसू लागले. जाळीदार मुळांनी बांधाची मातीही धरून ठेवली. आम्ही कुणी त्याला निसर्ग वगैरे म्हटलं नाही. आय म्हणायची, खाडीला जरा अंग भरलंय. त्या दोन वर्षांत मी तिला जेवढं हसताना पाहिलं तेवढं आधी कधी नाही आणि नंतर तर नाहीच.

मग तो उन्हाळा आला.

गावाला पाण्याच्या दोन विहिरी, आमच्या बोलीत बावी. डोंगराच्या बाजूची गोडी बाव आणि खाडीच्या बाजूची खारी बाव. खारीचं पाणी गुरं धुवायला, भांड्यांना. गोडीचं पाणी प्यायला आणि शिजवायला. उन्हाळ्यात गोडी आटत आली की एक जाणती बाई काठावर बसून घराघराला पाणी वाटून द्यायची. तिचा शब्द कुणी मोडत नसे. बरीच वर्षं ती बाई म्हणजे आय. तिच्यासमोर सरपंचाच्या बायकोने एक कळशी जास्त भरली तरी ती ओतून घेतली जाई.

टाकीला शेणाइतकंच पाणी लागायचं. जेवढ्या पाट्या शेण, तेवढ्याच बादल्या पाणी, रोज. ते गोड्या बावीतून जायचं. त्या उन्हाळ्यात बावीचा तळ दिसू लागला, बायका वाटीने पाणी खरवडून हंड्यात भरायला लागल्या आणि शेजारून टाकीवरच्या बादल्या जात होत्या. आयला ते बघवेना.

"पोरांच्या तोंडचं पानी शेनान ओताचं?" तिने विचारलं. "खारीचं घ्या. आपला भात खाऱ्यान पिकतो, शेनाला काय जालंय?"

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. आमच्या गावात खाऱ्यावाचून काय चालत होतं? मासळी खाऱ्यात टिकते, भात खाऱ्यात उभा राहतो, बांधाची माती खाऱ्या चिखलानेच पक्की होते. मिठावर जगलेल्या माणसांना मिठाची भीती कशी वाटावी? त्या दिवसापासून टाकीत खाऱ्या बावीचं पाणी पडू लागलं आणि गोड्या बावीने थोडा श्वास घेतला.

घुमट एकदम बसला नाही. हळूहळू कमी उचलला जाऊ लागला. कालवण बंद झालं, मग भात अर्धा शिजून राहू लागला. कुणी म्हणे नळी फुटली, कुणी म्हणे शेण कमी घालताय. आणि गावात काही बिघडलं की बोट कुठे जातं ते ठरलेलं असतं. टोकाच्या घरांत दिवसभर शेगड्या जळतात, खाणीवरच्या सगळ्यांचा स्वयंपाक तिथेच होतो, असं कुणीतरी म्हणालं आणि दुपारपर्यंत ते सगळ्यांना माहीत असलेलं सत्य झालं. दोघंतिघं गेले आणि त्या घरांकडे जाणारा पाइप लाकडी खुंटी मारून बंद करून आले. आय तिथेच उभी होती. देवळाच्या ओट्यावर खांडीची गोष्ट सांगणारी ती, त्या दिवशी गप्प राहिली. तिच्या छातीत पुन्हा घरघर सुरू झाली होती. गॅस जातोय म्हणजे काय जातंय, हे तिच्याइतकं गावात कुणाला कळत होतं? मी तिला त्या गप्प बसण्याबद्दल कधी दोष दिला नाही. तो तिने स्वतःच दिला.

पाइप बंद करूनही घुमट उचलेना. शेवटी निरोप गेला आणि ते साहेब आले. टाकी बघितली, काल्यात बोट बुडवून वास घेतला. मग विचारलं, पाणी कुठलं घालता? आयने हात करून दाखवलं.

"खारं?" साहेब म्हणाले. "अहो मावशी, गॅस तयार करणारे जंतू असतात शेणात. ते खाऱ्याने मरतात."

साहेबांचाच चेहरा उतरला. "हे सांगायचं माझ्या लक्षातच आलं नाही," ते म्हणाले. त्यांनी आम्हाला काल्यात पेंढा जाऊ देऊ नका, दगड जाऊ देऊ नका, विडी पेटवून जवळ जाऊ नका, सगळं सांगितलं होतं. पाण्याचं सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या गावाकडे पाणी म्हणजे पाणी. मला त्यांचा राग आला नाही. मी रागवायला गेले असते तर रागवण्याजोग्यांची रांग फार लांब झाली असती.

आय तशीच चालत टोकाच्या घरांकडे गेली. मी मागोमाग. पाइपाशी वाकून तिने खुंटी उपटायला सुरुवात केली. ती निघेना. एका घरातून बाई बाहेर आली, कडेवर पोर घेऊन. तरुण, उन्हाने रापलेली. ते पोर सतत खोकत होतं. त्यांच्याकडे तर आमच्याइतकंही भोक नव्हतं भिंतीला.

"मावशी, तुमी कशाला आलाव उनात?" ती म्हणाली.

"चूक माजी व्हती," आय म्हणाली. "तुमच्यावर आली."

त्या बाईने पोर माझ्याकडे दिलं आणि दोघींनी मिळून खुंटी उपटली. बरं झालं, असू द्या, असलं काही ती म्हणाली नाही. मला ते आवडलं.

टाकी रिकामी करून पुन्हा भरायची होती. गाव उतरलं, पुरुषांनी सगळा काळा गाळ बाहेर काढला. पण भरायला शेण कुठून आणायचं? मधल्या काळात आमच्या शेतांवर मुरूम पडायला लागला होता. बांध बघायला कुणी जाईना; खांड पडली तरी धावायचं कुणासाठी? शेत नाही म्हणून पेंढा नाही, पेंढा नाही म्हणून गुरं नाहीत. ट्रक यायचे आणि दावणीची गुरं घेऊन जायचे. आमचे बैल गेले. मग एक म्हैस. गोबर गॅस देणाऱ्या खात्याने आणि जमीन घेणाऱ्या खात्याने एकमेकांशी एकदा जरी बोलून घेतलं असतं, तरी आधी गुरं विचारात आली असती. पण आमच्या गावाबद्दल दोन जीपवाले कधी एका ओट्यावर बसले नाहीत.

आय पाटी घेऊन रस्त्यावर हिंडायला लागली. नव्या डांबरी रस्त्याच्या कडेने, भय्यांच्या तबेल्यांमागून, मुरमाच्या ढिगांतून शेण गोळा करायची. मी ओरडायची, नवरा ओरडायचा. ती चार पावलं चालायची, थांबायची, पदर तोंडाला लावून खोकायची आणि पुढे जायची. ती टोकाची बाई खाणीवरून सुटली की तिच्यासोबत फिरायची. तोंडाने दोघी फारशा बोलत नसत. टाकी काही भरली नाही. अर्धी झाली, वळवाने बावीत आलेलं गोडं पाणी त्यात पडलं आणि पावसाळ्यापूर्वी घुमट हातभर उचलला. एका वेळी एक-दोन शेगड्या चालतील एवढाच.

मग पाळी लागली. ज्या घराची पाळी, त्या घराकडे जाणारी चावी टाकीपाशी उघडायची, बाकीच्या बंद. त्यात बायका जमल्या आणि आपापसात ठरवून टाकलं की आयच्या घराची पाळी कधी चुकवायची नाही, ज्याला जमेल त्याने आपलीही तिला द्यायची. तिच्या छातीचा आवाज आता दोन घरं सोडून ऐकू यायचा. मला हे सांगायला आलेली बाई डोळे पुसत होती. मी सुटकेने खाली बसले.

आयने ऐकलं आणि मान हलवली. "माजी पाली त्या टोकाच्या बाईला द्या."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. बरंच वाईट बोलले. तुम्हाला आमच्या डोळ्यांदेखत मरायचंय का, असंही बोलले. ती चुलीपुढे बसली होती आणि कोयत्याने तिवर मोडत होती. बायका पुन्हा खाडीत उतरायला लागल्या होत्या. दाट झालेला काठ मागे मागे सरकत चालला होता.

"मी खारं ओतलं," ती म्हणाली. "आनि त्यांचा पाइप माज्या डोल्यादेखत बंद केला. मी बोलले नाय."

"मग? तुम्ही गेल्यावर ते भरून निघणार आहे का?"

"तिच्या पोराला अजून दात नाय आले," आय म्हणाली. "माजे दात पडून जमाना झाला."

आमच्या घरी तेव्हा पोर नव्हतं. बायकांना वाटायचं आय त्यावरून मला बोलत असेल. ती कधी बोलली नाही. कुणाचं तरी पोर तिने आपलं धरलं, एवढंच. पण मला तेव्हा एवढा शहाणपणा कुठला! मी तिच्याशी अबोला धरला आणि धुरातच तिच्या हातची भाकरी खाऊन बालवाडीत जात राहिले. मी चुलीपुढे बसले की ती मला हाताला धरून उठवायची. घर एवढंसं, पावसात बाहेर चूल मांडता येत नाही. ती बसली काय आणि मी बसले काय, धूर दोघींचाच.

श्रावणात एका दुपारी मी घरी आले तेव्हा आय चुलीपुढे भिंतीला टेकून बसलेली होती. तवा तापून काळा झाला होता. परातीत पिठाचा गोळा मळलेला होता आणि त्यावर तिच्या बोटांचे ठसे होते. चुलीतलं ओलं तिवर अजून धुमसत होतं. आधी मी पाणी ओतून ते विझवलं. मग तिच्याकडे वळले.

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. त्या दिवसाचा भात शेजारी आणतात. आयला पोचवून माणसं परत आली, अंघोळी झाल्या, घर नातेवाइकांनी भरलं. दिवेलागणीला भाताचं टोपलं दारात आलं. आणणारी ती टोकाची बाई होती. ती उंबऱ्याबाहेर थांबली. माझ्या चुलत सासूने टोपल्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"हे कोनाकरचं हाय?" तिने विचारलं. ती पुढे बोलली नाही, पण बोलायची गरजही नव्हती. कुणी हात पुढे करेना.

"आज पाळी मावशीची हाय," बाई म्हणाली. "तिच्याच आगीवर केलंय."

मी उठले, तिच्या हातातून टोपलं घेतलं आणि ताटात भात वाढून घेतला. सगळे बघत होते. आमच्या घराच्या भिंती, छप्पर, माझं लुगडं, केस, सगळ्याला तिवराच्या धुराचा वास येत होता. मी घास घेतला. भाताला वास नव्हता.